खुर्शेद नरीमन : नगर आणि इलाखा

आमच्या पिंप्राळ्याचा कोणी गृहस्थ अर्ज घेऊन मंत्र्यांच्या भेटीस मुंबईला गेला, की परत आल्यावर 'नरीमन पॉइंटावर दोन दिवस हेलपाटे घातले' असे सांगतो. विधानभवन १९८१ सालापासून तेथे उभे आहे व मंत्रालयही तेथून हाकेच्या अंतरावर आहे. हा नरीमन कोण, असे त्या गृहस्थास विचारावे, तर 'असेल कोणी पारशी शेटजी, धर्मशाळा नि इस्पितळे बांधणारा' असे उत्तर यावयाचे. वस्तुतः खुर्शेद फ्रामजी नरीमन हे शेटजी नव्हते व त्यांनी धर्मशाळाही बांधली नाही. ते फौजदारी वकील होते. मुंबई शहराने त्यांस महापौर केले. मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधानपद त्यांच्या हाताशी येऊन निसटले. आणि ज्या पक्षासाठी त्यांनी आपली उमेदीची वर्षे वेचली त्याच पक्षाने त्यांस जबाबदारीच्या जागेस नालायक ठरविले. त्या जुन्या इलाख्याचा मोठा वाटा ज्या राज्याकडे आला त्याचे विधिमंडळ आज त्यांच्याच नावाच्या भूमीवर भरते, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

नरीमनांची हकीकत आजवर दोन प्रकारांनी सांगितली गेली. एक पक्ष म्हणतो, ते पारशी होते म्हणून त्यांस डावलले. दुसरा म्हणतो, त्यांनी पक्षाशी बेइमानी केली, म्हणून त्यांस त्याचे प्रायश्चित्त मिळाले. दोन्ही पक्षांत मोठमोठी माणसे आहेत, आणि दोघांच्याही सांगण्यात काही तथ्य आहे. परंतु हा वाद ज्यांनी घातला ते बहुतेक सारे मुंबईकडून पाहणारे होते. आम्ही खानदेशात बसून त्याकडे पाहू लागलो, तेव्हा आम्हांस त्यात एक तिसरीच गोष्ट दिसली. नरीमनांच्या पाठीशी शहर होते, जिल्हे नव्हते.

नरीमनांचा जन्म १८८३ सालचा. वकिलीत जम बसल्यावर ते मुंबईच्या नगरकारभारात आणि पुढे स्वराज्य पक्षाच्या वतीने इलाख्याच्या कायदेकौन्सिलात आले. मुंबईच्या नगरपालिकेत पारशी माणसाने पुढारीपण करणे ही नवलाची गोष्ट नव्हती. सर फिरोजशहा मेहतांनी तर ती संस्था जणू आपल्या हातांनी घडविली होती. परंतु मेहता गेले १९१५ साली, आणि त्यांच्यामागून आलेले पारशी पुढारी बहुधा सरकारच्या मर्जीतले, 'सर' किताबाचे धनी होते. नरीमन त्या मळलेल्या वाटेने गेले नाहीत. त्यांचे नाव घरोघर झाले ते सरकारशी झालेल्या एका झुंजीमुळे, आणि ती हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

१९२० साली, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, मुंबई सरकारने 'डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' नावाचे एक स्वतंत्र खाते काढले. त्याचे सर्वांत मोठे काम बॅकबेचे. कुलाब्यापासून मलबार टेकडीच्या पायथ्यापर्यंत समुद्राचा जो अर्धचंद्राकार आखात आहे, त्यात भिंत घालून आत गाळाचा भराव टाकावयाचा आणि आठ खंडांत मिळून अकराशेंहून अधिक एकर नवी जमीन समुद्रापासून हिरावून घ्यावयाची, असा तो बेत होता. महायुद्ध नुकतेच संपले होते, मुंबईत पैशाचा पूर आला होता आणि जमिनीचे भाव गगनास भिडले होते. त्या तेजीच्या भरात हे काम अंगावर घेतले गेले. पुढे तेजी ओसरली. समुद्राच्या तळाचा गाळ उपसण्यासाठी मोठे यंत्र आणले, पण त्याच्याकडून अपेक्षेइतके काम होईना. आणि जो गाळ आत टाकावा तोही भिंतीतून पाझरून पुन्हा समुद्रास मिळू लागला. खर्चाचे अंदाज मात्र दर खेपेस वाढतच गेले. लोकांनी ह्या कामास 'लॉइडसाहेबाचा वेडेपणा' असे नाव दिले.

ह्या प्रकरणाचा पिच्छा नरीमनांनी पुरविला. वकिलास साजेल अशा चिकाटीने त्यांनी आकडे गोळा केले, कौन्सिलात प्रश्न विचारले, वर्तमानपत्रांत लिहिले, आणि केवळ मूर्खपणाचा नव्हे तर लबाडीचाही आरोप केला. अखेर १९२६ साली सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमणे भाग पडले. त्याच प्रकरणात हार्वे नावाच्या एका इंजिनिअर अधिकाऱ्याने नरीमनांवर बदनामीची फिर्याद लावली. सरकारी अधिकारी फिर्यादी, लोकपक्षाचा वकील आरोपी आणि प्रश्न सार्वजनिक पैशाचा. साऱ्या मुंबईचे डोळे त्या खटल्याकडे लागले यात आश्चर्य नाही. नरीमन निर्दोष सुटले, आणि लोक त्यांस 'वीर नरीमन' म्हणू लागले. चर्चगेटचा रस्ता आज त्याच नावाने ओळखला जातो. आठ खंडांपैकी चारच काय ते त्या काळात भरून झाले.

येथे आमच्या वाचकांस वाटेल की, मुंबईच्या समुद्रात गाळ पडला काय नि वाहून गेला काय, खानदेशास त्याचे काय? तर ह्याच डेव्हलपमेंट खात्याने गिरणी-कामगारांसाठी वरळी, नायगाव, परळ येथे ज्या प्रचंड चाळी उठविल्या, त्यांच्या खर्चासाठी मुंबई शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया शुल्क बसविले होते. कापूस मुंबईत पिकत नाही. जळगाव, धुळे, अमळनेर येथील बाजारांतून आगगाडीने जो कापूस मुंबईस जाई, त्याच्याही प्रत्येक गाठीमागे हा रुपया पडे. तो व्यापाऱ्याने भरला असे म्हणावे, तर व्यापारी भाव ठरविताना तो कोणाकडून वळता करून घेई हे कपाशीच्या शेतकऱ्यास सांगण्याची गरज नाही. शहराच्या हिशेबाचा जाब नरीमनांनी मागितला, तेव्हा नकळत आमच्याही रुपयाचा जाब मागितला गेला. मात्र ते आम्हांस कोणी येऊन सांगितले नाही, आणि नरीमनांनाही ते येऊन सांगावेसे वाटले नाही. आमच्या मते त्यांच्या पुढल्या दैवगतीचे बीज येथेच आहे.

१९२८ च्या सुमारास ते मुंबईच्या तरुणांच्या चळवळीचे पुढारी झाले. १९३० च्या एप्रिलात मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याच्या छावणीतून जमनालाल बजाज यांच्याबरोबर कायदा मोडून ते तुरुंगात गेले, आणि त्यानंतरही गेले. तुरुंगाची भीती त्यांस नव्हती. पण जिभेवर ताबाही नव्हता. १९३३ साली, चळवळ थंडावत असता, काँग्रेस चालली आहे कोठे असा प्रश्न करणारे एक पुस्तक त्यांनी इंग्रजीत लिहिले आणि खुद्द गांधीजींच्या धोरणावर टीका केली. वकिलाची सवय अशी की, समोरच्याचे म्हणणे खोडून काढले म्हणजे काम झाले. राजकारणात ज्याचे म्हणणे खोडून काढले त्याच्याच मांडीला मांडी लावून दुसऱ्या दिवशी बसावे लागते, हे त्यांच्या ध्यानात पुरतेपणी आले नसावे.

१९३५-३६ सालासाठी ते मुंबईचे महापौर झाले. ह्या पदाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आज आमच्या जळगावासही महानगरपालिका आहे, पिंप्राळे तिच्याच हद्दीत मोडते, आणि महापौर म्हणजे शहराचा धनी असा समज आमच्या लोकांत रूढ आहे. मुंबईत तसे नव्हते. १८८८ च्या कायद्याने कारभाराची खरी सूत्रे सरकारने नेमलेल्या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती होती. महापौराने वर्षभर सभा चालवावी आणि शहराचा मान वाहावा. तो मान निरनिराळ्या समाजांत पाळीपाळीने फिरावा असा एक अलिखित संकेत तेथे पडला होता: कधी हिंदू, कधी मुसलमान, कधी पारशी, कधी अन्य. नरीमनांच्या मागून जमनादास मेहता आले आणि त्यांच्या मागून डॉ. एलिजा मोझेस, हे बेने इस्राएल समाजाचे, म्हणजे घरी मराठी बोलणारे यहुदी. म्हणजे नगराच्या राजकारणात अल्पसंख्य असणे ही अडचण नव्हती. एका परीने तो हक्कच होता. मुंबईसारख्या अठरापगड गावाने काढलेली ही तोड आम्हांस शहाणपणाची वाटते. परंतु ज्या पदात सत्ता थोडी आणि मान पुष्कळ, तेच अशा रीतीने वाटून घेता येते, हेही ध्यानात ठेवावे.

इलाख्याची गोष्ट वेगळी होती. १९३५ च्या कायद्याने प्रांतांत जबाबदार मंत्रिमंडळे यावयाची होती. सिंध १९३६ साली वेगळा झाला होता, तरी मुंबई इलाखा म्हणजे गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक आणि मुंबई शहर अशी चौकडी होती. काँग्रेसच्या प्रांतिक समित्याही तशाच चार. नरीमन हे मुंबई शहराच्या प्रांतिकचे अध्यक्ष. विधानसभेच्या १७५ जागांत शहराचा वाटा लहान. बाकीचे सारे सभासद जिल्ह्यांतून यावयाचे.

आणि नेमके त्याच वेळी जिल्ह्यांनी डोके वर काढले होते. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले, ते आमच्या पूर्व खानदेशात, तापी ओलांडून पलीकडे, फैजपुरास. अध्यक्ष पंडित जवाहरलाल; नगरास नाव टिळकांचे; नंदलाल बसूंनी बांबू, चटया आणि खेड्यातल्या वस्तूंनीच ते सजविले. मुंबईहून ज्योत घेऊन स्वयंसेवक पायी आले. ज्योत मुंबईची, पण ती उजळावयाची खानदेशात, ह्यातला अर्थ त्या वेळी किती जणांनी ओळखला असेल नकळे. पुढे दीड-दोन महिन्यांनीच निवडणुका झाल्या. फैजपुरी जो शेतकरी गाड्या जुंपून आला, त्याच्यापैकी पुष्कळांस मत नव्हतेही, कारण मताधिकार मालमत्तेवर व शिक्षणावर होता. तरी गावोगावची हवा फिरली ती फिरलीच. काँग्रेसने १७५ पैकी जवळजवळ निम्म्या जागा घेतल्या, आणि तिचे बळ शहरापेक्षा जिल्ह्यांतच अधिक होते.

मुंबईत मात्र लोक एवढेच धरून चालले होते की, काँग्रेसचा विजय म्हणजे नरीमन मुख्य प्रधान. १२ मार्च १९३७ रोजी काँग्रेसच्या निवडून आलेल्या सभासदांची बैठक मुंबईत झाली आणि तिने पुढारी निवडले ते बाळासाहेब खेरांस. नरीमनांस हा घाव अनपेक्षित होता. त्यांनी उघड आरोप केला की, सरदार वल्लभभाई पटेलांनी शंकरराव देव, गंगाधरराव देशपांडे ह्यांच्यासारख्या प्रांतिक पुढाऱ्यांस तारा व निरोप पाठवून सभासदांची मने फिरविली. पारशी वर्तमानपत्रे खवळली. सरदारांचे म्हणणे असे की, आपण नरीमनांस पाठिंबा देणार नाही हे त्यांस आधीच सांगितले होते, दबाव कोणावर आणला नाही.

आमच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीस रथ निघतो. दोर ओढणारे शेकडो असतात. परंतु चाकाखाली मोगरी देणारे चारदोन असामी असतात, आणि रथ कोणत्या गल्लीत वळावयाचा हे मोगरीवर ठरते. सरदार हे काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाचे मुख्य. त्यांनी मोगरी दिली नाही असे म्हणणे आम्हांस कठीण वाटते. परंतु दोर ओढणाऱ्यांची इच्छा त्याच्या उलट असती, तर एवढ्या सहजपणे रथ वळता ना, हेही तितकेच खरे. गुजरातचे सभासद सरदारांचे, महाराष्ट्राचे देवांकडे पाहणारे, कर्नाटकाचे देशपांड्यांकडे. ह्यांतील कितीजणांच्या गावी नरीमन कधी गेले होते? खेर हेही मुंबईचेच सॉलिसिटर, खारला राहणारे. पण ते मराठी, मृदू, आणि कोणत्याच तटात न मोडणारे. जिल्ह्यांस ते परके वाटले नाहीत.

आता बेइमानीचा आरोप. १९३४ सालच्या मध्यवर्ती विधानसभेच्या निवडणुकीत मुंबई शहराच्या दोन जागांसाठी काँग्रेसतर्फे डॉ. गोपाळराव देशमुख आणि कन्हैयालाल मुनशी उभे होते. देशमुख आले, मुनशी पडले, आणि सर कावसजी जहांगीर निवडून आले. शहर काँग्रेसचे पुढारी नरीमन. त्यांनी आपल्या ज्ञातिबांधवाच्या विजयास आतून हातभार लावला, मुनशींसाठी मनापासून खटपट केली नाही, असा ठपका होता. १९३७ साली नरीमनांनी चौकशी मागितली, तेव्हा हेही प्रकरण उकरून निघाले. चौकशी केली गांधीजींनी आणि दी. न. बहादुरजी ह्या नामांकित कायदेपंडितांनी, जे स्वतः पारशी होते. सरदारांवरील आरोप सिद्ध झाला नाही. १९३४ चा ठपका मात्र नरीमनांच्या माथी बसला. त्यांनी निकाल आधी मान्य केला, मग नाकारला. त्या वर्षअखेरीस कार्यकारिणीने त्यांस काँग्रेसमधील कोणत्याही विश्वासाच्या जागेस अपात्र ठरविले.

ह्या निकालाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. चौकशी नरीमनांनीच मागितली होती. पंच पक्षपाती होते असे म्हणण्यास जागा नाही. परंतु १९३४ साली त्यांनी जर एवढा मोठा अपराध केला होता, तर पुढे तीन वर्षे मुंबईच्या काँग्रेसची सूत्रे त्यांच्याच हाती कशी ठेवली? मुंबईत निवडणूक जिंकून द्यावयास जो मनुष्य चालतो, तो मंत्रिमंडळ बनवितेवेळीच विश्वासघातकी कसा ठरतो? अपराध खरा असेल. पण तो आठवण्याची वेळ सोयीची होती. पुढारीपदाच्या चुरशीत हरणे एक, आणि सार्वजनिक जीवनातून बाद होणे दुसरे. पहिले राजकारणात चालावयाचेच. दुसऱ्यात कार्यकारिणीचा हात जड पडला.

मौलाना आझादांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात हे प्रकरण सांगितले आणि नरीमनांस ते पारशी असल्यामुळेच डावलले असे सुचविले. मौलाना त्या काळी आतल्या गोटात होते. त्यांचा शब्द सहज टाकवत नाही. तरी दोन गोष्टी त्यांच्या म्हणण्यास अडचणीच्या आहेत. एक अशी की, ह्या इलाख्याचा पहिला मुख्य प्रधान प्रत्यक्षात पारशीच झाला. काँग्रेसने अधिकार घ्यावयाचे प्रथम नाकारले, तेव्हा एप्रिल १९३७ पासून जुलैपर्यंत साताऱ्याचे सर धनजीशा कूपर ह्यांनी बहुमत नसता मंत्रिमंडळ चालविले. कूपर हे साताऱ्याच्या मातीत मुरलेले, ब्राह्मणेतर पक्षाच्या राजकारणात वाढलेले, नांगर-इंजिनांच्या कारखान्यामुळे शेतकऱ्यास ठाऊक असलेले. त्यांच्यामागे बहुमत नव्हते, पण जिल्हा होता. दुसरी गोष्ट, जुलैत आलेल्या खेरांच्या मंत्रिमंडळात डॉ. मंचेरशा गिल्डर हे पारशी मंत्री होते, आणि १९३९ च्या ऑगस्टात मुंबई शहरात दारूबंदी आली ती त्यांच्याच खात्याकडून. दारूच्या धंद्यात पारशांचा हात केवढा, हे खानदेशात तरी सांगावयास नको. गिल्डरांवर त्यांच्याच समाजाचा रोष झाला. तेव्हा पारशी म्हणून दार बंद होते असे म्हणता येत नाही. मात्र मंत्र्याचे दार वेगळे आणि मुख्य प्रधानाचे वेगळे, असे कोणी म्हणेल, तर आमच्यापाशी त्यास निर्णायक उत्तर नाही. कायद्याने पारशांस स्वतंत्र मतदारसंघ नव्हते, ते सर्वसाधारण जागांवरच उभे राहत. आपण वेगळे नाही अशा भरवशावर राहिलेल्या समाजाच्या मनात तो मार्च महिना एक शल्य ठेवून गेला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. खेरांच्या त्या मंत्रिमंडळात गृहखाते कोणाकडे गेले म्हणाल, तर १९३४ साली पडलेल्या मुनशींकडे.

पुढची हकीकत थोडी. १९३९ साली सुभाषबाबूंनी फॉरवर्ड ब्लॉक काढला, तेव्हा त्याच्या चिटणिसांत नरीमनांचे नाव होते. ज्यांस काँग्रेसश्रेष्ठींनी दूर लोटले ते दोघे एकत्र आले, ह्यात नवल नाही. खेर १९३९ च्या नोव्हेंबरात अधिकारावरून उतरले आणि १९४६ साली पुन्हा त्याच जागी आले. नरीमनांस इलाख्यात पुन्हा तशी जागा लाभली नाही. १९४८ साली दिल्लीत त्यांचा अंत झाला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जेथे लॉइडसाहेबाची भिंत गाळ धरून ठेवू शकली नव्हती त्याच आखातात पुन्हा भराव पडला, त्यावर उंच इमारती उठल्या, आणि त्या जागेस नाव देण्याची वेळ आली तेव्हा मुंबईस आपला जुना महापौर आठवला. आमचे पिंप्राळ्याचे अर्जदार आता तेथेच जातात.